उजव्या बाजूचा पगार

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. आणखी थोडे मागे. हं, आता ऐका. मी एका लाँड्रीतला जुना इस्त्रीचा रोलर आहे. घरातली इस्त्री कपड्यावरून फिरते, ती तुम्ही पाहिलीच असेल. माझं उलटं आहे. मी जागचा हलत नाही, कपडाच माझ्या पोटातून जातो. दोन माणसं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहिली तर जेवढी जागा लागेल, तेवढा मी रुंद आहे. माझ्या अंगात वाफ खेळते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या ओल्या चादरी समोरून आत जातात आणि मागच्या बाजूने कोरड्या होऊन बाहेर पडतात.

हात मागे घ्या म्हटल्याचा राग मानू नका. माझा स्वभावच संशयी आहे. प्रत्येक चादरीत कुणीतरी टाचणी विसरलं आहे असं धरूनच मी तिला आत घेतो, आणि बरेचदा माझंच खरं निघतं. कुणी माझं कौतुक केलं की मी समजून जातो, आज चादरी जास्त येणार. मालक एकदा पाहुण्यांना घेऊन आले, माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "हा आमचा हत्ती!" त्याच आठवड्यात माझी रविवारची सुट्टी बंद झाली. तेव्हापासून गोड बोलणाऱ्यांपासून मी चार हात लांबच असतो.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. लहानपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, ठोकाठोकी आणि रंगाचा वास एवढंच आठवतं. लाँड्रीत आणून मला बसवलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. मला ताबडतोब थांबवायचं तर एक लाल बटण लागतं. मिस्त्रीने ते माझ्या उजव्या टोकाला बसवलं, कारण विजेची तार त्या भिंतीवरून येत होती. "डावीकडे नेली तर उगाच सात-आठ हात तार जास्त लागेल," असं तो आपल्या माणसाला म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बटण उजवीकडे असायला याहून मोठं काही कारण नाही.

माझ्यापाशी काम करायला दोन माणसं लागतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. चादरीचं एक टोक हिने धरायचं, दुसरं तिने. दोघींनी ताण द्यायचा, एकमेकींकडे बघून मान हलवायची आणि एकाच क्षणी कड माझ्या तोंडाशी लावायची. एकीचा हात जरा मागे राहिला की चादर तिरकी जाते आणि तिला कायमची चुणी पडते. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ना, तसंच हे आहे. म्हणून कोण किती काम करतं हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. मालकांना नाही, मुकादमाला तर नाहीच.

पहिली कित्येक वर्षं माझ्यापाशी एक नणंद आणि तिची भावजय काम करायच्या. दोघी दुपारी जेवण झालं की बाजू बदलायच्या, म्हणजे एकाच खांद्यावर भार येत नाही. दोघींना पगार सारखा होता. भांडायच्या खूप, पण ते घरच्या गोष्टींवरून. पुढे भावजय सोडून गेली, नणंद एकटी राहिली आणि तिच्या जोडीला दुसऱ्या देशातून आलेल्या बायका येऊ लागल्या. नेमकी त्याच महिन्यात समोरच्या खांबावर एक पाटी लागली. चादरींच्या कोपऱ्यांवर हॉटेलांची नावं छापलेली असतात, त्यांवरून मी अक्षरं शिकलो आहे. पाटीवर लिहिलं होतं, 'उजवी बाजू: चालक. डावी बाजू: मदतनीस.'

पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. इतकी वर्षं पाटी लागली नाही, मग आताच का लागली? मुकादम म्हणायचा, "बटण सांभाळणं जबाबदारीचं काम आहे, म्हणून चालकाला पगार जास्त." ऐकायला अगदी बरोबर वाटायचं. फक्त एक गोष्ट मला खटकायची. उजवीकडे नेहमी इथलीच बाई असायची आणि डावीकडे नेहमी बाहेरची. डावीकडचे चेहरे बदलत राहिले, पण हा नेम काही बदलला नाही.

त्या नणंदेला आता सगळी लाँड्री काकू म्हणते. आणि डावीकडे जी शेवटची आली, तिचं नाव मुकादमाच्या जिभेवर काही बसेना, म्हणून तो तिला 'नवी' म्हणू लागला. तिला येऊन चार वर्षं झाली तरी ती नवीच होती. पहिल्याच दिवशी तिने चादर झटकून टोक असं सफाईने पकडलं की मला लगेच संशय आला. ही शिकाऊ नाही. आणि नव्हतीच. तिच्या देशात तिने माझ्याच जातीच्या रोलरवर अकरा वर्षं काढली होती. तसा शिक्क्याचा कागदही तिच्याकडे होता. मुकादमाने तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला. "तिकडचा कागद इकडे चालत नाही," तो म्हणाला.

नवीने वाद घातला नाही. तिने एकच विचारलं, "मला उजवीकडे कधी घेणार?"

"जागा रिकामी झाली की."

जागा रिकामी होणार म्हणजे काकू जाणार. काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून दोघींच्या मधल्या प्रत्येक चादरीत एक गाठ पडल्यासारखी झाली. नवी वेळेआधी आली की काकूंना वाटायचं, माझ्या जागेवर डोळा आहे हिचा. काकू हसून बोलल्या की नवीला वाटायचं, आता ह्या माझं काहीतरी मुकादमाच्या कानावर घालणार. नवी एकदा बटणावरची धूळ पुसत होती, तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं, अजून मी मेले नाही." खरं सांगतो, मीही काकूंच्याच बाजूने होतो. आयत्या बिळावर नागोबा व्हायला आली आहे ही, असं मलाही वाटायचं. संशयी माणसाचं असंच असतं, त्याला सगळं दिसतं पण नेमकं चुकीच्या माणसावर बोट ठेवतो.

नवीला उजवी बाजू का हवी होती, ते मला पुढे कळलं. मागे घडी घालणाऱ्या बायकांना ती एकदा सांगत होती. तिची मुलगी तिच्या देशात, मावशीकडे राहत होती. मुलीला इथे आणायचं तर इथल्या कायद्याला दोन गोष्टी हव्या होत्या. आईला ठरलेल्या रकमेइतका पगार हवा आणि तशा ओळीने सहा महिन्यांच्या, पगाराच्या सहा स्लिपा हव्यात. शिवाय मुलगी चौदा वर्षांची व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे. मदतनिसाचा पगार त्या रकमेच्या जरा खाली होता आणि चालकाचा वर. म्हणजे आई आणि लेक यांच्यामध्ये माझी रुंदी तेवढी आडवी आली होती.

मग एका वर्षी चादरी तिरक्या जाऊ लागल्या. रोज दहा-पंधरा. एका हॉटेलने अख्खं गाठोडं परत पाठवलं. मुकादम तरातरा आला आणि सरळ डावीकडे वळला.

"चार वर्षांत साधी चादर धरता येत नाही तुला? पुन्हा असं झालं तर घरी बसशील."

नवीने पुढची चादर उचलली. पण मला माहीत होतं, चादर उजवीकडून तिरकी जात होती. काकूंचा उजवा खांदा धरला होता. हात वर नेताना त्या ओठ दाबून घेत आणि कुणाला कळू नये म्हणून खोकत. दुखतं म्हणून सांगितलं तर जागा जाईल, ही त्यांना भीती होती. नवीलाही ते दिसत होतंच, कारण चादरीचा ताण दुसऱ्या टोकाला पोचतो. मग ही बोलत का नाही? काय शिजवते आहे मनात? मी डोळ्यात तेल घालून बघत राहिलो.

मुकादम गेल्यावर नवी म्हणाली, "काकू, आपण बाजू बदलू या. तुम्ही डावीकडे या. मग डावा हात लांब जाईल, उजव्याला आराम."

"आणि बटण तुझ्याकडे! मला काय दूधखुळी समजलीस?"

"बटण तुमचंच म्हणा. पण चादरी वाकड्या गेल्या तर नोकरी माझी जाईल, तुमची नाही."

दोन दिवस काकूंनी ताणून धरलं, तिसऱ्या दिवशी हात डोक्याच्या वर जाईना. तेव्हा त्या मुकाट्याने डावीकडे येऊन उभ्या राहिल्या. महिन्याची पहिली तारीख होती. त्या दिवशी नवीच्या मुलीला चौदा वर्षं पूर्ण व्हायला साडेसात महिने उरले होते.

चादरी पुन्हा सरळ जाऊ लागल्या. सुरुवातीला मुकादमाच्या पावलांचा आवाज आला की दोघी धावत आपापल्या जुन्या जागी जायच्या. लपंडावच तो. एकदा मात्र त्याने पाहिलंच. त्याने बाहेर पडणारी एक चादर उचलली, दोन्ही कडा जुळवून पाहिल्या आणि म्हणाला, "सरळ येतात ना? मग कोण कुठे उभं आहे याच्याशी मला काय करायचंय?" आणि तो निघून गेला. दोघींना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. जो माणूस पाटी लावतो त्यालाच पाटीचं काही नसेल, तर ती पाटी कशासाठी आहे?

महिना संपला. स्लिपा आल्या. आमच्या लाँड्रीत एक पद्धत आहे, आपली स्लिप कुणी कुणाला दाखवत नाही. घडी करून सरळ पिशवीत टाकायची. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं समजतात. काकूंनी तिथेच उभ्या उभ्या स्लिप उघडली, कारण आता त्या मदतनिसाच्या बाजूला होत्या. पगार पूर्वीइतकाच होता. त्यांनी स्लिप पिशवीत टाकली. मग त्यांनी नवीकडे पाहिलं. नवी आपली स्लिप दोनदा उलटीसुलटी करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काकूंना काय ते कळलं. त्या पिशवीचा बंद बांधत बसल्या, बराच वेळ.

बोलतील का या? मी वाट पाहिली. नाही बोलल्या. स्वतःचं ताट भरलेलं असताना शेजारच्याचं रिकामं आहे म्हणून कोण ओरडेल? मी त्यांना फार दोष दिला नाही, पण तेव्हापासून माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

नवीने मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्याची स्लिप आली, तीही तशीच. नवी पुन्हा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दोन महिने मी उजवीकडे आहे. बटण मी सांभाळते. पाटीवर लिहिलंय तसा पगार द्या."

"अगं, नुसतं उभं राहून कुणी चालक होत नाही. अनुभव लागतो."

"पंधरा वर्षांचा आहे. चार इथली."

"बरं बरं, बघतो पाटीचं काय ते," तो म्हणाला. सरकारी तपासणीचे साहेब त्या आठवड्यात येणार होते, त्यामुळे पाटी आणि माणसं जुळायला हवीत हे त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावर ओला रंग चमकत होता. मी वाचलं. मला वाटलं, वाफेने माझी अक्षरं चुकली. पुन्हा वाचलं. 'डावी बाजू: चालक. उजवी बाजू: मदतनीस.'

मित्रांनो, पगार बदलायला नको म्हणून त्याने पाटी बदलली होती!

घडी घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकूही आधी हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्या खांबापाशी गेल्या, पाटी पुन्हा एकदा वाचली, परत आल्या आणि उजवीकडे, नवीच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. नवीला म्हणाल्या, "तू तिकडे हो." नवीला वाटलं, खांदा बरा झाला, आता या आपली जागा परत घेतात. ती डावीकडे गेली.

मुकादम फेरीला आला. काकू म्हणाल्या, "मुकादम, पाटीप्रमाणे आता मी मदतनीस. या महिन्यापासून माझा पगार कमी करा, आणि हिचा वाढवा."

"काय थट्टा करता काकू! तुम्ही कुठेही उभ्या राहा, तुमचा पगार तोच राहणार."

"का हो? मी इथली म्हणून?"

त्याने मागे वळून पाहिलं. आठ-दहा बायका हातातल्या घड्या तशाच धरून उभ्या होत्या. काकूंनी पिशवीतून स्लिप काढली. त्या लाँड्रीत कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. स्लिपवरचा आकडा मोठ्याने वाचला. मग नवीकडे हात पुढे केला. नवीला संशय होता, आणि तो असायलाच हवा होता. मग तिने आपली स्लिप दिली. काकूंनी तोही आकडा वाचला.

"चादर एकच, टोकं दोन. माझ्या टोकाचं वजन जास्त आहे का हो, मुकादम? आणि मागचं गाठोडं परत आलं ना, ते माझ्या हाताने बिघडलं होतं. शिव्या हिने खाल्ल्या."

आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

मी थांबलो. इतक्या वर्षांत आग नाही, अपघात नाही, आणि मी भर सकाळी थांबलो. वाफ फुसफुसत राहिली. मुकादम ओरडला, "कुणाच्या जबाबदारीवर थांबवलं?" काकू म्हणाल्या, "बटणाचे जास्त पैसे इतकी वर्षं मी घेतलेत. माझ्याच जबाबदारीवर." दहा वाजले, अकरा वाजले. ओल्या चादरींचे ढीग माझ्या उंचीच्या वर गेले. हॉटेलची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. मुकादमाने घडीवाल्यांपैकी दोघींना माझ्यापाशी उभं राहायला सांगितलं. एकीची पाठ दुखायला लागली आणि दुसरीला अचानक काहीच ऐकू येईना. बाराच्या सुमाराला मालक स्वतः आले. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "काढा ती पाटी," ते म्हणाले. "या महिन्यापासून दोघी चालक."

काय टाळ्या पडल्या! कुणीतरी काकूंना मिठी मारली. एकटी नवी चादरींच्या ढिगाआड उभी राहून बोटं मोजत होती. मला तिचा रागच आला. एवढं सगळं झालं आणि हिला धड आनंदही होत नाही? अजून काय हवंय हिला?

ती मालकांपुढे गेली. "मागचे दोन महिनेही मी बटणावर होते. तसं लिहून द्या. पैसे नकोत. नुसतं लिहून द्या."

मालक आधीच दाराकडे वळले होते. "मागचं लिहून दिलं म्हणजे मागचं सगळं कबूल केल्यासारखं होईल," ते म्हणाले. "पुढचं बघ ना. पुढचं मिळालंय." आणि ते गेले.

काकू घाम पुसत माझ्यापाशी आल्या. "आता तोंड का पाडलंस? लेक येणार की आता!"

"सहा स्लिपा लागतात, काकू. चौदाव्या वाढदिवसापर्यंत पाच होतात. सहावी दोन आठवडे उशिरा येते."

काकूंनीही बोटं मोजली. सहापर्यंत जायचं होतं, पाचावर अडकल्या. मग त्यांना काय दिसलं ते मलाही दिसलं. एक महिना आधी सुरू झालं असतं तर सहा होत होत्या.

"पहिल्या महिन्यातच मला कळलं होतं गं," काकू फार हळू बोलल्या. "माझी स्लिप पाहिली, तुझं तोंड पाहिलं, आणि पिशवी बांधली."

"मी बघितलं होतं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आणि भीतीही वाटली. तुम्ही त्यांच्यातल्याच म्हणून."

काकू रडू लागल्या. नवी त्यांना 'असू दे' म्हणाली नाही. तिने तो शब्द ओठांपर्यंत आणला असेल, मी सांगू शकत नाही. गाडीवाला पुन्हा हॉर्न वाजवत होता.

पाच स्लिपा जोडून अर्ज गेला आणि परत आला. मुलगी मावशीकडेच आहे. आता मोठ्या माणसांच्या रांगेतून तिला यावं लागेल, आणि त्या रांगेला बरीच वर्षं लागतात असं नवी सांगते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. तेल घाला, गंज काढा, भंगारात देऊ नका. मी तेल मागत नाही. माझा संशयी स्वभावही तुम्ही घ्या, मी हसत देतो. पण तो कुठे वापरायचा ते नीट शिकून घ्या. चादरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर तो वापरू नका. तुम्हा दोघांना वेगवेगळ्या जागी उभं करणाऱ्याकडे आधी बघा. आणि तुमच्या शेजारच्याला काय मिळतं ते पहिल्याच महिन्यात विचारा. लाज वाटली तरी विचारा.

पाटी उतरली त्या दिवशी दुपारी मला पुन्हा सुरू केलं, तेव्हा काकूंचे डोळे अजून कोरडे झाले नव्हते. नवीने ढिगातून ओली चादर ओढली, झटकली, आपलं टोक धरलं आणि दुसरं त्यांच्या हातात दिलं.

"धरा, काकू," ती म्हणाली.